बोलण्याआधी वाचलेले : परभणी जिल्ह्यातील एका स्वमग्न मुलाच्या वाचनाचा प्रकरण अभ्यास

हा मुलगा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचे वय तीन वर्षे दोन महिने होते. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. वडील मोंढ्यातील एका आडत दुकानात मुनीम, आई दहावीपर्यंत शिकलेली, आजीला अक्षर ओळखता येत नाही, आणि घरामागच्या गोठ्यात एक गाय, असे हे घर आहे. मुलाचे नाव मी येथे घेत नाही. घरात सगळे त्याला ‘लेकरू’च म्हणतात.

त्या दिवशी मी ओसरीवर बसले, नावाने हाक मारली, टाळी वाजवली, पण त्याने मान वळवली नाही. तो भिंतीला टेकवून ठेवलेल्या खताच्या रिकाम्या गोणीसमोर उकिडवा बसला होता आणि एक बोट अक्षरांखालून सरकवत होता. मी जवळ जाऊन ऐकले, तर तो स्पष्ट, एकसुरी आवाजात वाचत होता : ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये. हूक वापरू नका. निव्वळ वजन पन्नास किलो.’ त्याच वेळी त्याला तहान लागली होती आणि ते त्याला सांगता येत नव्हते. तो आईचा हात धरून तिला माठापर्यंत ओढत घेऊन गेला आणि म्हणाला, ‘पाणी पाहिजे का?’ आई रोज त्याला विचारते ते वाक्य त्याने जसेच्या तसे उचलले होते. त्याच्या तोंडी तो प्रश्न नव्हता, ती मागणी होती. हा ‘का’ पुढे बराच काळ आमच्या कामाच्या मध्यभागी राहिला, म्हणून तो आधीच नोंदवून ठेवते.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने केलेल्या तपासणीत त्याचे न बोलणे लक्षात आले आणि त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले गेले. तेथे आधी ऐकण्याची तपासणी झाली, ती निर्दोष निघाली, आणि मग भारतात स्वमग्नतेसाठी (ऑटिझमसाठी) वापरल्या जाणाऱ्या ‘इसा’ या मापनश्रेणीवर त्याचे मूल्यमापन झाले. या श्रेणीत ४० बाबी असतात आणि प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण दिले जातात. एकूण गुण ७० ते १०६ आले तर सौम्य, १०७ ते १५३ आले तर मध्यम आणि त्यापुढे तीव्र स्वमग्नता मानली जाते. याचे गुण ९८ आले. ‘सौम्य’ हा शब्द कागदावर ठीक दिसतो, पण जी आई रात्री दोन वाजता पंखा बंद पडला म्हणून भिंतीवर डोके आपटणाऱ्या लेकराला मांडीत धरून बसते, तिला तो शब्द सांगताना माझी जीभ नेहमी अडखळते.

वाचनाची सुरुवात नेमकी कधी झाली हे घरच्यांना सांगता येत नव्हते, कारण ते कोणी शिकवलेच नव्हते. दोन वर्षे आठ महिन्यांचा असताना तो गाड्यांच्या पाट्यांवरचे आकडे म्हणू लागला आणि थोड्याच दिवसांत २२ दिसले की ‘परभणी’, २६ दिसले की ‘नांदेड’, ३८ दिसले की ‘हिंगोली’ असे जिल्हे सांगू लागला. वडील त्याला सायकलच्या नळीवर बसवून बसस्थानकावरून नेत आणि सहज म्हणून गाड्यांचे फलक मोठ्याने वाचत. तेवढेच काय ते शिकवणे. तीन वर्षांचा होईपर्यंत तो ‘गंगाखेड’, ‘पाथरी’, ‘परळी वैजनाथ’ हे फलक स्वतः वाचत होता, आणि तीन वर्षे दहा महिन्यांच्या वयात ‘विद्राव्य खते’, ‘कृत्रिम रेतन केंद्र’ अशी जोडाक्षरे न अडखळता वाचू लागला. चौथा वाढदिवस झाल्यावर मी त्याच्यासमोर चौथीचे पाठ्यपुस्तक मधूनच उघडून ठेवले, तर त्याने पान वाचून काढले. एक रफार तेवढा चुकला.

अशा वाचनाला हायपरलेक्सिया म्हणतात. नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग यांनी १९६७ मध्ये हा शब्द वापरात आणला. ज्या मुलांचे शब्द ओळखण्याचे सामर्थ्य त्यांच्या इतर भाषिक समजेच्या कितीतरी पुढे धावते आणि ज्यांना हे लहान वयात, शिकवण्याशिवाय येते, अशा मुलांसाठी तो आहे. हे स्वतंत्र निदान नव्हे. स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत वाचनाचा उल्लेखही नाही. मात्र माँट्रियलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तोवर प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा त्यांतील सुमारे ८४ टक्के मुले स्वमग्न असल्याचे आढळले, आणि स्वमग्न मुलांपैकी ६ ते २० टक्क्यांमध्ये हे वैशिष्ट्य असावे असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे आमच्या तालुक्यातही हे एकच लेकरू नसणार. बाकीची कोठे आहेत, त्यांच्या हातात कोणती गोणी किंवा कोणती दिनदर्शिका आहे, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मराठीच्या लिपीविषयी येथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे आपली फसगत होते. देवनागरीत चिन्ह आणि उच्चार यांचे नाते बरेच नियमित आहे; काना, वेलांटी, उकार, अनुस्वार यांची रीत एकदा उमगली की ज्या मुलाचा कल नमुने शोधण्याकडे आहे ते मूल कधीही न ऐकलेला शब्दही उच्चारू शकते. म्हणून मराठीत मूल फाडफाड वाचते एवढ्यावरून त्याला काय कळते याचा काहीच अंदाज बांधता येत नाही. परंतु काही जागा अशा आहेत जेथे लिपी गप्प बसते आणि शब्द माहीत असावाच लागतो. ‘चार’ मधला च तालव्य आहे, म्हणजे जीभ टाळूला लागते, आणि ‘चारा’ मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांकडे जाते. लिहिताना दोन्ही सारखेच. जातीच्या अर्थाचा ‘जात’ आणि ‘तो गावाला जात आहे’ मधला ‘जात’ यांचेही तसेच. हा मुलगा ‘गाईला चारा दे’ हे वाक्य वाचताना चारा हा शब्द आकड्यातल्या चारसारखा उच्चारत होता, आणि ‘करवत’ची चारही अक्षरे सुटी, पूर्ण अकारान्त म्हणत होता. गोठ्यात आजी रोज दोनदा ‘चारा’ म्हणत होती आणि तो ते ऐकतही होता, पण कानावर पडणारा चारा आणि कागदावरचा चारा त्याच्या लेखी एकच वस्तू नव्हती. वाचन आणि आकलन यांतील दरी मला सर्वांत आधी येथे दिसली, आणि तेव्हापासून नव्या मुलाचे वाचन ऐकताना मी च, ज, झ कडे कान लावून बसते.

वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज, असे एक सोपे सूत्र फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडले. येथे बेरीज नसून गुणाकार आहे हे महत्त्वाचे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही मोठे असले तरी हाती शून्यच येते. हे सूत्र मी प्रशिक्षणात शिकले होते, आणि त्याचा मी चुकीचा अर्थ लावला हे येथे लिहिणे माझे कर्तव्य आहे.

माझा तर्क असा होता की अक्षरांची बाजू आधीच भरलेली आहे, रिकामी आहे ती भाषेची. तेव्हा मुलाचा वेळ अक्षरांतून काढून बोलण्याकडे वळवला पाहिजे. त्यातच पाहुणे आले की लेकराला मधोमध बसवून वर्तमानपत्र वाचायला लावण्याची घरात प्रथा पडली होती. मोंढ्यातील मंडळी त्याला भावफलक वाचायला लावत, तो सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे किमान आणि कमाल दर खणखणीत वाचून दाखवी आणि सगळे हसत, टाळ्या देत. त्या कौतुकात त्याचे न बोलणे झाकले जाई. आजी म्हणायची, ‘एवढं वाचतंय लेकरू, त्याला काय झालंय बाई? बोलंल की सावकाश.’ ते प्रदर्शन मला खटकत होते आणि ते थांबवायला सांगितले याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. गोण्या, दिनदर्शिका, जुनी वर्तमानपत्रे नजरेआड करा आणि केवळ तोंडी बोला, असे मी आईला सांगितले, आणि तिने ते निष्ठेने पाळले.

पुढचे अडीच महिने वाईट गेले. झोप तुटली, जेवण घटले, आणि जे थोडे शब्द होते तेही कमी झाले. तो दाराच्या कडीवर कोरलेली कारखान्याची दोन अक्षरे पुन्हा पुन्हा बोटाने चाचपत बसू लागला. आई एक दिवस मला म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून मी सगळं माळ्यावर टाकलं, पण मला असं वाटायलंय की मी लेकराच्या हातची काठी काढून घेतली.’ ती बरोबर होती. त्याच दिवशी आम्ही दोघींनी माळ्यावरून सगळे खाली काढले.

वळण मिळाले ते एका पाटीमुळे. मी तीन ओळींचा एक मजकूर तयार केला होता : ‘गाय गोठ्यात होती. रात्री दावे सुटले. सकाळी गोठा रिकामा होता.’ त्याने तो वाचला. मी विचारले, ‘गाय कुठे गेली?’ तो म्हणाला, ‘गाय कुठे गेली.’ पुन्हा विचारले, तर म्हणाला, ‘गोठा रिकामा होता.’ आकलन नाही, असे मी वहीत लिहायला घेतले. इतक्यात शेजारचा ट्रॅक्टर सुरू झाला, माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून मी तोच प्रश्न पाटीवर लिहिला आणि त्याखाली तीन उत्तरे लिहिली : गाय झोपली, गाय निघून गेली, गाय दूध देते. त्याने पाटी हातात घेतली, तिन्ही ओळी वाचल्या आणि मधल्या ओळीवर बोट ठेवले.

योगायोग असेल म्हणून मी पुढील आठवड्यात साधे दहा प्रश्न घेतले. आधी तोंडी विचारले, दोन दिवसांनी तेच प्रश्न त्याच पर्यायांसह लिहून दिले. तोंडी दोहोंची उत्तरे आली, लेखी सातांची. दोन दिवसांपूर्वी प्रश्न ऐकल्याचा काही लाभ त्यात असेल, हे मी मान्य करते, आणि एका मुलाच्या दहा प्रश्नांवर सिद्धान्त उभा राहत नाही. पण मला जे कळायचे ते कळले. भाषेची बाजू शून्य नव्हती. ती मी केवळ कानाच्या वाटेने मोजत होते, आणि कानाची वाट या मुलासाठी अरुंद होती. बोललेला शब्द हवेत विरतो, त्याच्याबरोबर माणसाचा चेहरा, हातवारे, स्वर हे सगळे एकदम अंगावर येते. लिहिलेला शब्द जागेवर थांबतो, पुन्हा पाहता येतो, आणि कोणीही लिहिला तरी तसाच राहतो. वर उल्लेख केलेल्या माँट्रियलच्या संशोधकांचे म्हणणेही याच दिशेचे आहे, की अशा मुलांना भाषेकडे नेण्यासाठी छापील अक्षर हाच मार्ग म्हणून वापरावा. अक्षरे बाजूला सारून बोलणे आणायचे नव्हते. अक्षरांच्या आधाराने आणायचे होते.

त्यानंतरचे काम साधे आणि चिकाटीचे होते. माठाजवळ ‘मला पाणी दे’ अशी चिठ्ठी चिकटवली. तो हात ओढू लागला की आई काही न बोलता चिठ्ठीवर बोट ठेवी, तो वाचे, आणि वाचताच पाणी मिळे. येथे बोलून दाखवण्यापेक्षा लिहिण्याचा मोठा लाभ असा की ‘तुला पाणी पाहिजे का’ हे आईच्या बाजूचे वाक्य त्याच्या कानात बसतच नाही, तो थेट स्वतःच्या बाजूचे वाक्य वाचतो. ‘मी’ आणि ‘तू’ यांची उलटापालट अशीच हळूहळू सुटली. तीन आठवड्यांनी चिठ्ठीवरचा ‘दे’ झाकला, मग ‘पाणी’, आणि अखेरीस कोरा कागद राहिला. कोऱ्या कागदाकडे पाहूनही तो ते वाक्य म्हणत होता. मग कागदही काढला.

दिवसाचा क्रम पाटीवर लिहिला जाऊ लागला : आंघोळ, भाकरी, अंगणवाडी, गोठा, झोप. जे उरकले ते तो स्वतः पुसत असे. वीज जाण्याचा प्रश्न मात्र वेळापत्रकात बसत नव्हता. पंखा थांबला की तो कानांवर हात घेऊन किंचाळे, आणि समजावणीचा प्रत्येक शब्द त्या किंचाळण्यात भर घाली. आईने एका पुठ्ठ्यावर लिहिले, ‘वीज गेली आहे. पंखा बिघडला नाही. वीज परत येते.’ हा पुठ्ठा खिळ्याला टांगलेला असे. पहिल्या दोन-तीन वेळा काही फरक पडला नाही. नंतर तो अंधारात पुठ्ठा काढून आणून आईच्या हातात देऊ लागला, आई बॅटरीचा उजेड पाडी, तो वाचे आणि तिला चिकटून बसे. पुठ्ठ्यावरची तिन्ही वाक्ये तिची आहेत. ‘वीज येईल’ न लिहिता ‘येते’ लिहिण्याचे सुचलेही तिलाच, कारण कधी येईल हे आपल्याला सांगता येत नाही आणि लेकराशी खोटे बोलायचे नाही, असे ती म्हणाली.

पाठांतरासारखे वाटणारे त्याचे उद्गारही आम्ही टिपून ठेवू लागलो. गर्दीच्या लग्नात तो अचानक ‘फलाट क्रमांक चार’ म्हणत सुटायचा. नातेवाइकांना ते निरर्थक वाटे. आईच्या लक्षात आले की हे तो फक्त बाहेर जावेसे वाटते तेव्हाच म्हणतो. आजोळची गाडी चौथ्या फलाटावर लागते, आणि तिच्यात बसले की गर्दी संपते. तिने चिठ्ठी लिहिली, ‘मला बाहेर जायचे आहे’, आणि तिच्या कोपऱ्यात छोटा ४ काढला.

शाळेचा भाग थोडक्यात सांगते. एका खासगी बालवाडीने पंधरा दिवसांत त्याला परत पाठवले. वाचता येते पण बसत नाही, असे कारण दिले गेले, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे व शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेला त्या कारणाने मुलाला नाकारता येत नाही, हे मी लेखी मांडूनही उपयोग झाला नाही. सहा वर्षे पूर्ण झाल्यावर तो जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत दाखल झाला. तेथील शिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. पोषण आहारात आज काय आहे हे स्वयंपाकघरातून विचारून फळ्यावर लिहिण्याचे काम तिने त्याला दिले. मुलांना तर रोज हेच जाणून घ्यायचे असते. ती फळ्याजवळ जमू लागली, ‘आज काय रे?’ विचारू लागली, आणि तो फळ्याकडे बोट दाखवत ‘मूगडाळ खिचडी’ म्हणू लागला. पाहुण्यांपुढचे वाचन आणि हे वाचन यांत मला फार मोठा फरक वाटतो. येथे ऐकणाऱ्याला त्या शब्दाची खरोखर गरज होती.

आज तो सात वर्षांचा आहे आणि दुसरीत आहे. पाचवीचे पुस्तक तो सहज वाचतो. सरळ सांगितलेली माहिती त्याला लेखी प्रश्नांतून बहुतेक कळते. पण गोष्टीतला माणूस का रागावला, कोणी कोणाला फसवले, हे अजून अवघड जाते. म्हणून आम्ही त्याच्याच आयुष्याची एक वही करतो आहोत. पोळ्याच्या पानावर आजीने सांगितलेले वाक्य आहे : ‘बैलाला झूल घातली तेव्हा लेकरू घंटांना भ्यालं आणि बाबांच्या पाठीमागं लपलं.’ ‘पोळा’ हा शब्द तो दिनदर्शिकेवर चार वर्षे वाचत होता. ते पान वाचल्यानंतर प्रथमच त्याने शब्दावरून बोट उचलून गोठ्याकडे दाखवले, आणि मग स्वतःच्या कानांवर हात ठेवले. ‘चारा’ आता तो आजीसारखाच उच्चारतो. हे कधी बदलले ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.

एक गोष्ट मात्र चार वर्षांत घडली नव्हती. तो कधीच काही विचारत नसे. उत्तरे देई, मागणी करी, वाचून दाखवी. पण जे माहीत नाही ते समोरच्याला माहीत असेल आणि विचारले तर कळेल, हा व्यवहारच त्याच्याकडून होत नव्हता. मागच्या भेटीच्या शेवटी मी चपला घालत असताना तो पाटी घेऊन आला. पाटीवर लिहिले होते, ‘मॅडम गुरुवारी येणार का’. प्रश्नचिन्ह नव्हते. मला क्षणभर कळेना की हा जुना, मागणीचा ‘का’ आहे की नवा. मी पाटी घेतली आणि खाली लिहिले, ‘गुरुवारी नाही. शुक्रवारी येणार.’ त्याने वाचले, आत जाऊन आपली वही आणली, माझ्यासमोर बसून ‘गुरुवार : मॅडम’ ही ओळ खोडली, आणि शेजारी शुक्रवार लिहिले.